भावाच्या कपाळावर मारलेला तांब्या

धाकट्या भावाला रक्ताचा कॅन्सर आहे हे कळून तीन वर्षं झाली होती. रोज एक गोळी घ्यायची आणि मेटगळ्ळीतल्या कारखान्यात लेथ मशीनवर कामाला जायचं, असं चाललं होतं. निदान मला तसं वाटत होतं.

एका रविवारी सकाळी त्याच्या कामाच्या पिशवीत गोळ्यांची न फोडलेली पाकिटं सापडली. सात महिन्यांची!

"सुम्ने बिडु, अक्का," तो कानडीत म्हणाला. "सोड ना. गोळीनं पायात गोळे येतात, डोळे सुजतात. लेथसमोर उभं राहवत नाही. आणि मला झालंय काय?"

मी पाकिटं त्याच्या तोंडासमोर नाचवली. त्यानं ती हिसकावून भिंतीवर भिरकावली आणि माझा दंड पिरगळला. माझ्या दुसऱ्या हातात पितळी तांब्या होता. तो मी त्याच्या कपाळावर हाणला. जीव खाऊन हाणला, खोटं कशाला बोलू.

भुवईवर एवढीशी खोक पडली, पण रक्त थांबेचना. पंचा भिजला, चादर भिजली. तो मला शिव्या घालत होता, मग शिव्याही थांबल्या. शेजाऱ्यांनी उचलून रिक्षात घातला.

हॉस्पिटलात रक्त तपासून डॉक्टरीणबाईंनी मला बाजूला घेतलं.

"पेशीत एक एन्झाइम असतं. 'वाढ' असा निरोप देऊन ते गप्प बसतं. याच्या पेशींत ते गप्पच बसत नाही. गोळी त्याचं तोंड दाबून धरत होती. गोळी बंद झाली आणि पेशी माजल्या. चांगल्या रक्ताला त्यांनी जागाच ठेवली नाही. रक्त थांबवणाऱ्या पेशीही उरल्या नाहीत."

"मी मारलं म्हणून..."

"मारलंत ते वाईटच. पण आज रक्त वाहिलं नसतं तर हा इथं आला असता का?"

त्यांच्या या बोलण्यानं मला बरं वाटलं नाही.

पुढे जहाल औषधं सुरू झाली. त्यानं सलाईनची सुई उपटली, नर्सला ढकललं, केस गेल्यावर बाथरूमचा आरसा मुठीनं फोडला. दोनदा मी त्याच्या छातीवर रेलून त्याला दाबून धरलं. तो माझ्या मनगटाला चावला. शेवटी माझी अस्थिमज्जा जुळली. ती काढून त्याला दिली.

तो वाचला. आता कारखान्याच्याच स्टोअरमध्ये बसून काम करतो. माझ्याशी वर्षभर बोलला नाही. मग पाडव्याला जेवता जेवता म्हणाला, "अक्का, पुन्हा हात उचललास तर घर सोडून जाईन."

"नाही उचलणार," मी म्हटलं, आणि त्याला भात वाढला.