भाऊजींचं पडद्यावरचं हृदय

भोपाळला उतरलो, तर रिक्षावाला म्हणाला, "को खाँ (काय हो), घूमने आए?"

"एक दिल देखने," मी म्हणालो. त्याने आरशातून मला न्याहाळलं आणि अरेरा कॉलनीपर्यंत एकेक खड्डा जपून चुकवला.

ताईने पोहे-जलेबी मांडली होती. भाऊजींच्या बशीत नुसते पोहे. त्यांच्या ठोक्यांची लय बिघडली होती आणि डॉक्टरांनी सोमवारपासून नवी गोळी सांगितली होती. भाऊजींनी जन्मभर कारखान्यात यंत्रं तपासली. "आधी चाचणी, मग वापर," ते म्हणाले.

चाचणी घरातच होती. त्यांची मुलगी मुग्धा एका प्रयोगशाळेत आहे. तिथला संगणक हजारो ईसीजी पाहून शिकलाय. एखाद्याचा ईसीजी आणि औषधाचं नाव दिलं, की औषधानंतरचा ईसीजी तो स्वतः काढून दाखवतो.

"मामा, ये अभी रिसर्च है. बाबांना त्यावर शिक्का मारून हवाय," ती वैतागून म्हणाली.

तरी शनिवारी आम्हा सगळ्यांना घेऊन गेली. वाटेत बडा तालाब लागला. एवढं शांत पाणी पाहून कुणालाही बरं वाटावं. भाऊजींनी काच वर केली.

मुग्धाने त्यांचा मागच्या महिन्याचा ईसीजी संगणकाला दिला, सोबत नवी गोळी. ठोक्यानंतर हृदय सावरायला लागणारा वेळ जरासा वाढला. चालण्यासारखं होतं. भाऊजी परीक्षेत पास झाल्यासारखे बसले. मग तिने त्यांचा ताजा, खराखुरा ईसीजी काढून शेजारी ठेवला. नवी गोळी न घेताच तो वेळ संगणकाने काढलेल्या ईसीजीतल्यापेक्षा जास्त होता.

"बाबा, आणखी काय घेताय?"

"काही नाही."

"घशासाठी ती एक देतेय, तीन दिवस," ताई म्हणाली. "ती काय औषध? मागच्या वेळची उरलेली होती."

"डॉक्टरांना सांगितलंस?"

"त्यांनी औषधं विचारली होती."

मुग्धाने दोन्ही गोळ्यांची नावं एकत्र दिली. पडद्यावरची रेघ काही ठोके शहाण्यासारखी चालली, मग वेडीवाकडी झाली.

"सोमवारी हे झालं असतं?" भाऊजींनी विचारलं.

"होऊ शकलं असतं," म्हणत मुग्धाने डॉक्टरांना फोन लावला. त्यांनी घशाची गोळी बंद केली, नवी लांबणीवर टाकली आणि भाऊजींना तडक बोलावलं. ताईने गाडीत भाऊजींचा हात सोडला नाही. तीस वर्षांत मी हे प्रथमच पाहिलं, म्हणून तलावाकडे बघत राहिलो.

परतीच्या रेल्वेत बसल्याबसल्या मी माझ्या डॉक्टरांना फोन केला. म्हणालो, तुम्हाला न सांगता एक-दोन गोष्टी घेतो. ते म्हणाले, सांगा. दीड-दोन तासांनी इटारसी आलं तेव्हा मी अजून सांगतच होतो.