खसखशीएवढा शंख

समुद्रापासून इतक्या लांब राहून समुद्राने इतका झपाटलेला माणूस अख्ख्या नाशकात दुसरा सापडायचा नाही. आमच्या वरच्या मजल्यावरच्या या काकांनी नोकरीभर ओझरकडच्या एका पॅकहाउसमध्ये द्राक्षं निवडली. मापाच्या पट्टीच्या भोकातून निसटला की तो मणी लहान, म्हणून बाजूला. निवृत्त झाल्यावर मात्र त्यांचा जीव जडला तो समुद्री गोगलगायींच्या मोहरीएवढ्या शंखांवर. "जन्मभर बारीक म्हणून बाजूला काढलं रे," ते म्हणतात, "आता बारीकच बघतो." स्वतः ते कोकणात जात नाहीत, त्यांना गाडी लागते. पण सोसायटीतलं कोणी दापोलीहून आलं की काका पिशवी घेऊन दारात हजर. बुटातली, पँटच्या दुमडीतली, पोरांच्या चड्डीतलीसुद्धा वाळू त्यांना चालते. मग ती चहाच्या गाळणीने चाळून, भिंग लावून सकाळभर निवडत बसायचं. काकूंच्या दोन गाळण्या यात कामी आल्या, तिसरी त्यांनी देवघरात लपवून ठेवली आहे.

गेल्या दिवाळीआधी काकांना एक शंख सापडला. पांढरा, टोकाशी तपकिरी, आणि वेटोळी डावीकडे वळलेली. असा डावा शंख त्यांच्या एकाही डबीत नव्हता. द्राक्षांच्या पट्टीत एवढं बारीक माप कुठलं? म्हणून त्यांनी तो काकूंच्या खसखशीच्या वाटीत ठेवून मला दाखवला. "बघ, दोन दाणे लांब." मी घरी आलो, काका कुरियर घ्यायला खाली गेले, आणि काकूंनी तीच खसखस घेऊन अनारसे थापले.

काकांना कळलं तोवर अनारसे तळून शेजारी वाटूनही झाले होते. ते भिंग घेऊन घरोघर फिरले. लोकांनी ताटं पुढे केली, काकांनी एकेक अनारसा तपासून परत दिला. आमच्याकडे आले तेव्हा माझी बशी रिकामी होती.

"काही लागलं का रे दाताला?"

"नाही काका."

लागलं होतं. बारीकसं कचकन. त्यांचा चेहरा बघून मला खरं सांगवलं नाही, आणि त्याची लाज अजून वाटते.

तेव्हापासून मी दर सुट्टीत समुद्र गाठतो आणि डबा भरून वाळू आणतो. काकांना वाटतं, मलाही छंद लागला. हल्ली त्यांना भिंगातूनही नीट दिसत नाही, म्हणून रविवारी मीच निवडतो. ते शेजारी बसून दर थोड्या वेळाने विचारतात, "डावा आहे का रे?"

"नाही काका," मी म्हणतो. आता ते खरं असतं. एकदा तरी मला त्यांना 'हो' म्हणता यावं, असं फार वाटतं.