देवघरातलं जुनं

नाशिक रोडच्या लताबाईंना पन्नाशी गाठल्यावर पहिल्यांदा स्वतःची खुर्ची मिळाली. साल १९९८, उन्हाळ्याचे दिवस. रविवार कारंजाजवळच्या एका जुन्या संस्थेच्या माडीवर दोन खोल्यांचं इतिहास संग्रहालय होतं. वीरगळाचा दगड, लोखंडी कुलपं, तांब्याचे हंडे, गंजलेल्या तलवारी आणि हे सगळं जमवणारे निवृत्त शिक्षक देवरेसर, एवढा तिथला ऐवज. तिथं काम करणाऱ्या भागीबाई लेकीच्या बाळंतपणासाठी पेठला गेल्या. दोन महिने बदली बाई हवी होती. भजनी मंडळातल्या सुमनबाईंनी लताबाईंचं नाव सुचवलं.

"जुन्या वस्तूंपाशी बसायला बस करून शहरात कशाला जायचं?" यजमान पुंजारामभाऊ पेपराआडून म्हणाले. नोटांच्या प्रेसमधून नुकतेच निवृत्त झाले होते. "मी आहे की घरात."

"तुमच्यावरची धूळ झटकली तर तुम्ही ओरडता," लताबाई म्हणाल्या आणि चपला घालून निघाल्याही.

काम अगदी जिवाला आवडेल असं. सकाळी गेलं की आधी वीरगळाला हात जोडायचे. लढताना गेलेला माणूस, त्याला नमस्कार केल्याशिवाय फडकं कसं लावायचं? मग कपाटं पुसायची आणि दाराशी खुर्चीवर बसायचं. कुणी आलंच तर विचारी, "बाई, हे काय आहे?" आणि लताबाई सांगायच्या. घरात त्यांना दिवसभर विचारलं जाई ते "माझा चष्मा कुठाय?" एवढंच. त्यामुळे या प्रश्नाची त्यांना भारी गोडी लागली. पण येणारं कोण? उन्हानं घसा सुकलेली माणसं माठातलं पाणी प्यायला वर येत आणि शिष्टाचार म्हणून एक तलवार बघून जात.

एप्रिल संपता संपता देवरेसर पडल्या चेहऱ्यानं आले.

"लताबाई, मेअखेर संस्थेचे अध्यक्ष स्वतः येणार आहेत. कुणी फिरकत नसेल तर या खोल्या क्लासवाल्यांना द्यायच्या, असं चाललंय."

"आणि आपल्या वस्तू?"

"पोत्यात."

त्या दिवशी घरी येताना बसमध्ये जागा मिळूनही त्या उभ्याच राहिल्या.

सरांनी उपाय काढला. दाराशी पाटी लावली : 'घरातील जुन्या वस्तू संग्रहालयास द्या. त्या येथे आदराने सांभाळल्या जातील.' नव्या वस्तू आल्या की माणसं येतील, असा त्यांचा हिशेब. लताबाईंनीही आपल्या परीनं हातभार लावला. गुरुवारी भजन संपल्यावर प्रसाद वाटता वाटता त्यांनी सगळ्या बायकांना सांगितलं, "घरातलं जुनं असेल ते आणून द्या गं. देवघरातलंही चालेल."

त्यांच्या मनात होत्या समया, घंटा, ताम्हणं. बायकांनी ऐकलं भलतंच.

आता खंडित देव म्हणजे प्रत्येक घरातलं न सुटणारं कोडं. घरात पूजायचा नाही, टाकायचा नाही, पितळेचा देव नदीत सोडायला मन धजत नाही. मग तो फडक्यात गुंडाळलेला फळीवर बसतो आणि घरच्या बाईच्या मनाला टोचत राहतो. अशा घराघरांत बातमी पोचली, की कारंजावर देव सांभाळतात, तेही आदरानं.

सोमवारी सकाळी जिन्यात रांग. हात झिजलेला रांगता बाळकृष्ण आला. पळी मोडलेली अन्नपूर्णा आली. सोंड नसलेले गणपती तर एका टोपलीत पाच घरांचे पाच. लासलगावकडच्या एक आजी खंडोबाचा टाक घेऊन आल्या, पूजा करून करून त्याच्यावरचा चेहराच पुसला गेलेला.

"माझ्या आजेसासूपासूनचा हाय," त्या म्हणाल्या. "सून म्हणती, ह्यात देव दिसतच नाय. मी म्हटलं, बाई, आम्हीच धुऊन धुऊन पार झिजवला त्याला."

देवरेसर वर आले आणि दारातच थबकले.

"लताबाई! हे संग्रहालय आहे, पिंपळाचा पार नव्हे!"

"सर, मी समया म्हटलं होतं हो!"

"मग परत द्या सगळं."

"दिलेला देव कोण परत नेणार? दारात उभं तरी करतील का मला?"

सर डोकं धरून बसले. मग उठले, तो टाक हातात घेऊन खिडकीशी गेले, उजेडात तिरका धरला. घोड्याची एक पुसट रेघ दिसली. त्यांनी मधलं कपाट रिकामं करायला घेतलं. तलवारी खाली गेल्या, देव वर आले. फक्त ताकीद दिली : फुलं नाहीत, हळदकुंकू नाही, धातू खराब होतो.

लताबाईंना हे जड गेलं. देव समोर आणि एक फूल नाही! त्या रात्री घरच्या देवांपुढं त्यांनी सगळ्यांच्या वतीनं जास्तीची वात लावली, तेव्हा कुठं बरं वाटलं.

पण खरी गंमत पुढंच. देव देऊन टाकला तरी बाईचा जीव थोडाच सुटतो? गुरुवारी एक जण आली, "सहज, आमचा बाळकृष्ण बघायला." संकष्टीला तर सोंड नसलेल्या पाचांची पाच घरं हजर. बरोबर सुना, नातवंडं, सुट्टीला आलेल्या नणंदा.

"आमची अन्नपूर्णा कोपऱ्यात का? वारं लागतं का तिला?"

"अहो ताई, काचेत कसलं वारं!"

"मग शेजारी कोण आहे? बरे लोक आहेत ना?"

लताबाईंचा घसा बोलून बोलून बसला. देव बघून झाले की माणसं हंडे बघत, कुलपं बघत आणि विचारत, "बाई, हे काय आहे?"

मेअखेरीस अध्यक्ष आले ते नेमके भर गर्दीत. बाहेर चपलांचा ढीग पाहून चक्रावले, तरी बूट घालूनच आत शिरले. लताबाईंना वाटलं, आता क्लासचे बाक येणार.

एवढ्यात लासलगावच्या आजी कडाडल्या, "ओ पाव्हणं! देवापुढं पायताण घालून येता? घरी शिकवलं नाय का कुणी?"

लताबाईंनी डोळे मिटून मनात रामनाम सुरू केलं. उघडले तेव्हा अध्यक्ष दारात एका पायावर उभे राहून बुटाची नाडी सोडत होते. आत येऊन ते कपाटापुढं वाकून एकेक देव बघत गेले.

"आमच्या घरी गजलक्ष्मी आहे," शेवटी ते हळूच म्हणाले. "हत्तीचा कान मोडलाय. आई तिला कपाटातून काढू देत नाही. घ्याल का?"

"घेऊ की," लताबाई म्हणाल्या. "पण क्लासवाले घेतील का, ते माहीत नाही."

सगळ्या बायका फिस्सकन हसल्या आणि अध्यक्षही हसले. खोल्या राहिल्या.

जूनमध्ये भागीबाई परतल्या. लताबाईंनी खुर्ची पुसून त्यांच्यासाठी सोडली आणि निरोप घ्यायला सरांकडे गेल्या.

"जाताय कुठं?" सर म्हणाले. "दुसरी खुर्ची मागवलीय. भागीबाई वस्तूंकडे बघतील, तुम्ही बायकांकडे बघा."

"एवढ्या बायकांकडे मी एकटी?" लताबाई जिन्याकडे बघत म्हणाल्या. तिथून पुन्हा चपलांचा आवाज येत होता. "अहो सर, तिसरीही मागवा!"