ओल्या धोतराच्या दोन बाजू

दुष्काळात लोकांना प्रेमाचा सिनेमा दाखवायचा, तोही मुका, तोही आमच्या आईबापांच्या जन्माआधीचा, असं मित्राने आमच्या मंडळाच्या बैठकीत सुचवलं तेव्हा सगळ्यात मोठ्याने विरोध मी केला. विहिरी आटल्यात, रेशनवर अमेरिकेची लाल मिलो ज्वारी मिळते तीही किडकी, आणि आपण गोऱ्या लोकांची थट्टामस्करी दाखवत हिंडायचं? मी तेव्हा मंडळाची पत्रकं लिहायचो. आजही लिहितो. जे पत्रकात बसत नाही ते मला चैनीचं वाटायचं.

बैठक संपल्यावर मित्र बाहेर सायकलला टेकून म्हणाला, "तुला खरं सांगू? मला तो माझ्या बायकोला दाखवायचाय."

त्याच्या लग्नाला वर्ष होत आलं होतं. पारनेर तालुक्यातलं त्याचं घर जुन्या वळणाचं. वडीलधाऱ्यांसमोर नवरा-बायकोने एकमेकांशी बोलायचं नाही. पाणी हवं असलं तरी तो आईला सांगणार, आई सुनेला सांगणार. दिवसा तिचा आवाज त्याने ऐकलेला नव्हता म्हटलं तरी चालेल. रात्री कुजबुजत त्याने तिला हा सिनेमा सांगितला होता. श्रीरामपूरला मिशनच्या वसतिगृहात शिकताना त्याने तो पाहिलेला. ती म्हणाली होती, मानसं बोलतच न्हाईत तर त्यात बगायचं काय?

"तिने तो बघावा आणि मला सांगावं कसा वाटला ते. बस, एवढंच," तो म्हणाला. "भाषण तुझं तू कर. गर्दी फुकटात मिळेल."

गर्दीच्या लोभाने मी तयार झालो. मिशनच्या फादरांनी मशीन आणि रिळं विश्वासाने दिली आणि आम्ही ती एसटीतून मांडीवर घेऊन त्याच्या गावात नेली.

दिवस मावळायला शाळेपुढच्या पटांगणात लिंब आणि एक खांब यांच्यामध्ये पडदा बांधला. पडदा म्हणजे दोन धोतरं एकमेकांना शिवलेली. आणि तिथेच सरपंचांनी सांगितलं, "गडी हिकडं बसतील, बाया पडद्यामागं. दर बारीला तसंच असतंय."

माझं डोकंच फिरलं. दिवसभर पाझर तलावाच्या कामावर बाया आणि गडी एकाच खड्ड्यात माती उचलतात. पाटी बाईच्या डोक्यावर गडीच चढवतो. तिथे कुणाला पडदा आठवत नाही! संध्याकाळी घटकाभर करमणूक करायची म्हटली की लगेच अब्रू आडवी येते. हे मी तिथेच, मोठ्याने म्हणालो. लोकांनी ऐकून घेतलं. शहरातून आलेल्या माणसाचं ऐकून घ्यायची त्यांना सवय होती.

मग माझ्या हातात हुकमी पान आलं. कोरड्या कापडावर मागच्या बाजूने चित्र धड दिसत नाही, ते ओलं ठेवावं लागतं. "पाणी कुठंय?" मी विचारलं. "टँकर येतो तेव्हा कळशीसाठी भांडणं होतात. आणि धोतरावर ओतणार? बायांना पुढं बसू द्या, थेंबभर पाणी लागणार नाही."

मला वाटलं, जिंकलो.

सरपंचांनी मिशीवरून हात फिरवला. "खरं हाय तुमचं. पानी न्हाई. मग बाया बी नकोत. त्यांनी घरी ऱ्हावं."

मित्राचा चेहरा पार उतरला. मला बाजूला ओढून म्हणाला, "झालं समाधान? आता ती घरी भाकरी थापत बसेल आणि आपण इथं क्रांती बघू."

"अरे, पण तत्त्व..."

"तुझं तत्त्व उद्या परत आणता येईल. मशीन उद्या श्रीरामपूरला जाणार आहे."

तेवढ्यात त्याची आई आली. डोक्यावर हंडा. मागे आणखी बाया, कुणाच्या हातात कळशी, कुणाच्या तांब्या. कुणाकडे भाजी धुतलेलं, कुणाकडे भांडी विसळलेलं पाणी. म्हातारी सरळ पडद्यापाशी गेली आणि ओंजळीने पाणी मारायला लागली.

"अगं ए, पेयाला न्हाई अन् कापडाला पाजतीस व्हय?" सरपंच ओरडले.

"तुमी आणलं का वढ्यातल्या झिऱ्यावरनं?" म्हातारी वळलीसुद्धा नाही. "आमी आणतो, आमी वततो. तुमी बिडी वढा."

बाया खिदळल्या. मागून एक जण म्हणाली, "सरपंचांच्या मिशीला बी मारा जरा, लई वाळलीय."

मी पुढे होऊन म्हटलं, "मावशी, पुढं बसा ना. पाणी तरी वाचेल."

तिने माझ्याकडे असं पाहिलं, जसं काही मीच कोरडा राहिलेला पडदा. "पुढं बसून काय करू, बाबा? कुनाच्या म्होरं सासरा, कुनाच्या मागं दीर, तोंडात पदराचा बोळा. हसू आलं तर गिळायचं. मागं आमाला कोन बगतंय? मोकळं हसू तरी दे."

यावर माझ्याकडे पत्रक नव्हतं. मला आजही हे मान्य नाही की बाईला हसायला मध्ये कापड लागावं. ज्या गावाने ही वेळ आणली त्याची लाज गावाला वाटली पाहिजे. हे मी लिहीत राहणार. पण त्या संध्याकाळी पाणी त्यांचं होतं, म्हणून निर्णयही त्यांचाच झाला आणि तो मला पटो न पटो, बरोबर होता.

सिनेमा सुरू झाला. लाँड्रीतला एक तरुण गिऱ्हाइकाचा इस्त्री केलेला काळा कोट चोरून घालतो आणि साहेब होऊन फिरायला निघतो. त्याला भेटते एक मुलगी. तीही मोलकरीण, मालकिणीची पिसांची टोपी घालून मडम झालेली. दोघं एकमेकांना श्रीमंत समजतात. हॉटेलात केक खाताना त्याच्या गालाला साय लागते. साहेबाला सांगायचं कसं, म्हणून ती आपल्या गालाला बोट लावून दाखवते. त्याला वाटतं ही बड्या लोकांची रीत, म्हणून तोही बोट लावतो आणि साय कानापर्यंत पसरते. शेवटी ती न राहवून रुमालाने पुसते.

मध्ये मध्ये इंग्रजी अक्षरांच्या पाट्या यायच्या. मी त्या वाचून मराठीत सांगायला लागलो.

"गप ऱ्हावा की साहेब," पुढून कुणीतरी म्हणालं. "आमाला दिसतंय."

दिसतच होतं. पडद्यामागे तर त्या पाट्या उलट्या पडत होत्या आणि कुणाचं काही अडत नव्हतं. उलट आमच्या बाजूला खसखस पिकायच्या आधी मागून हशा यायचा. मोठा, मोकळा, तोंडावर काही न धरता केलेला. मित्र पडद्याकडे बघतच नव्हता. मान वाकडी करून ऐकत होता.

"ती हसली का रे आत्ता?" त्याने विचारलं.

"मला काय विचारतोस? तुझी बायको आहे."

"मला तिचं हसणं कुठं माहितीय?"

शेवट असा की ती मालकिणीचे कपडे घेऊन लाँड्रीत येते. टेबलाच्या अलीकडे ती तिच्या विटक्या झग्यात, पलीकडे तो बनियनवर, हातात इस्त्री. दोघं बघत राहतात. एकही पाटी येत नाही. मग दोघं हसायला लागतात. दिवसभर माती वाहिलेल्या माणसांना कोट कसला, टोपी कसली, हे कुणी समजावून द्यायची गरज नव्हती. आपलं फाटकं झाकावं आणि समोरच्याचंही तेवढंच फाटकं निघावं, यातलं सुख त्यांना माझ्याआधी कळलं. इतका जुना मुका सिनेमा टिकतो तो यामुळे, असं माझं मत झालं. मी भाषण केलं नाही. विसरलो म्हणा.

सकाळी मित्राच्या घरी ओट्यावर चहा घेत होतो. वडील खाटेवर, आई चुलीजवळ, सून काठवटीत मिलोचं पीठ मळत होती. आई म्हणाली, "त्या पोराच्या डाव्या गालाची साय पुसली ना तिनं, मला लई हसू आलं."

"डाव्या नाही, उजव्या," मित्र म्हणाला.

"डाव्याच!"

हा आवाज मी पहिल्यांदाच ऐकला. सून बोलली होती. खाटेवर वडिलांनी बिडी तोंडापासून दूर धरली.

मित्र आधी दचकला, मग त्यालाही चेव आला. "मी श्रीरामपूरला पण पाहिलाय. उजवा गाल!"

"मग तिथं बी नीट न्हाई पाह्यलं. ह्या, ह्या गालावर हुती!" तिने पिठाचं बोट स्वतःच्या गालाला लावलं. फिकट ठिपका उमटला.

"आत्याबाई, तुमीच सांगा ह्यांना," ती सासूला म्हणाली.

"डावाच," म्हातारी म्हणाली. "म्या काय आंधळी हाय?"

"तुम्ही दोघी एक झालात म्हणून गाल बदलतो काय?"

"शिकून काय उपेग," सून भाकरी थापत म्हणाली, "समोरचं दिसना तर."

वडील हसले. खरंच हसले, खोकला लागेपर्यंत. मग त्यांनी माझ्याकडे बोट केलं. "ह्यांना इचारा. मशिनीपाशी हेच हुते."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. पुढून उजवं ते मागून डावं, हे कापडाच्या दोन बाजूंचं गणित मला एका वाक्यात सांगता आलं असतं. दोघंही बरोबर ठरले असते आणि बोलणं तिथेच संपलं असतं.

"मला नाही बुवा आठवत," मी म्हणालो.

"बघा!" ती म्हणाली, आणि पदर सावरायचं विसरून थेट नवऱ्याकडे वळली. "आता सांगा, टोपीचं पीस कंच्या बाजूला हुतं?"