उजेडाचा कागद

बुद्धभूषण विमानं दुरुस्त करतो, हे त्याच्या सोयगावच्या मावशीला अजून खरं वाटत नाही. "वर बंद पडलं तर काय करतो रे? शिडी लावतो का?" असं ती दर भेटीत विचारते. तो हसतो. रोज सकाळी पुंडलिकनगरातून स्कूटर काढतो आणि हँगर गाठतो.

तो एका छोट्या फ्लाइंग क्लबचा इंजिनियर. क्लबकडे धड असं एकच विमान. चार सीटचं, त्याच्याहून वयानं मोठं. काहीही बदललं की लॉगबुकात त्याची सही लागते. सही नाही तर विमान जागचं हलत नाही. पंधरा वर्षांत त्यानं न बघता एकही सही केलेली नाही. त्यामुळं क्लबात त्याच्यावर कोणी फारसं खूश नसतं.

मार्चच्या विसाव्या तारखेला विमानाचा लँडिंग लाइट गेला. उतरताना समोरची धावपट्टी दाखवणारा, नाकाखालचा दिवा. वर्षातला हा चौथा. जुन्या धाटणीचा पिवळा बल्ब. थरथरीनं आतली तार तुटायची. दिव्याशिवाय रात्रीचं उड्डाण नाही. आणि क्लबात विमान शिकणाऱ्या मोनालीची रात्रीची तीन लँडिंग राहिली होती. एकतीस तारखेला तिच्या लेखी परीक्षेच्या निकालाची मुदत संपत होती. तोवर तीन झाली तर लायसन्सचा अर्ज. नाही झाली तर सगळे पेपर पहिल्यापासून.

विमानासाठी मंजूर असलेला एलईडी दिवा लख्ख असतो आणि वर्षानुवर्षं चालतो. बुद्धभूषणनं त्याचा भाव काढला. क्लबचे मालक काकासाहेब तो आकडा बघून खुर्चीत मागं रेलले.

"इंजिनियर, मी दिवा मागितला, सूर्य नाय. स्वस्त बघ. पण लख्ख पाहिजे."

म्हणून तो क्रांती चौकात फकिराच्या दुकानात गेला. फकिरा गाड्यांचे दिवे, हॉर्न, वायरी विकतो.

"गाडी कोणती, साहेब?"

"चार सीटर."

"मॉडेल?"

"एकोणऐंशी."

"बाबो! पासिंग होतं का अजून?"

"दरवर्षी."

"बारा व्होल्ट का चोवीस?"

"अठ्ठावीस."

"मंग ट्रकचा म्हणा ना. उगं कोडी घालताय."

फकिरानं एक गोल एलईडी काढला आणि बॅटरीला लावला. रस्त्यापलीकडचा रसवंतीवाला ओरडला, "ए फकिरा, डोळे फोडतो का!" बुद्धभूषणनं माप घेतलं. जुन्या बल्बाइतकंच, तंतोतंत. अठ्ठावीस व्होल्टही तो झेलणार होता. किंमत ऐकून तर त्याला स्वतःचाच राग आला. इतके दिवस इथं का आलो नाही?

"याचा कागद आहे?" त्यानं विचारलं.

"बिल ना? देतो की."

"बिल नाही. विमानाला चालतो, असा कागद."

 फकिरानं चहा सांगितला. चहा येईपर्यंत दुकानाच्या लेटरहेडवर स्वतःच्या हातानं लिहिलं: 'सदर दिवा विमानास चालेल. गॅरंटी एक वर्ष. पाण्यात पडल्यास जबाबदारी नाही.' खाली गोल शिक्का.

बुद्धभूषणनं कपाळाला हात लावला. तरी दिवा घेतला. तपासून तरी बघू म्हणून. आणि तो कागद खोक्यातच राहू दिला. चूक तिथं झाली.

काकासाहेबांनी खोकं उघडलं, कागद वाचला आणि टेबलावर थाप मारली. "शिक्कापण आहे की! अजून काय पाहिजे तुला?"

"हा कागद चालत नाही, काकासाहेब."

"उजेडाला कागद लागतो का रे? अंधाराला कोणी मागत नाय."

बुद्धभूषणनं दुसऱ्या क्लबातल्या मित्राला फोन केला. त्याच्याकडं जुन्या धाटणीचा एक बल्ब शिल्लक होता, खऱ्या मंजुरीच्या कागदासकट. मित्रानं तो ट्रॅव्हल्सच्या डिकीतून पाठवला. सत्तावीस तारखेला पार्सल आलं. हलवलं तर आत खुळखुळ वाजलं. काचेचा चुरा. कागद मात्र कोरा करकरीत, एक सुरकुती नाही.

काकासाहेब खूश झाले. "जमलं बघ! दिवा इथला, कागद तिथला. कर सही."

मोनाली पंखाला टेकून उभी होती. "सर, तीनच लँडिंग," ती म्हणाली. "कोणाला कळणार आहे?"

बुद्धभूषणनं फकिराचा दिवा विमानाच्या खाचेत नुसता टेकवला, तारा जोडल्या आणि मोनालीला कॉकपिटमध्ये बसवलं. हेडसेट तिच्या कानाला, स्पीकर सगळ्यांना.

"दिवा लाव. टॉवरला वारा विचार."

तिनं दिवा लावला. हँगरची मागची भिंत पांढरीफटक झाली. काकासाहेब म्हणाले, "वा!" मग तिनं टॉवरला विचारलं आणि स्पीकरमधून घरघर सुरू झाली.

"कोण पीठ दळतंय?" काकासाहेबांनी विचारलं.

"दिवा. रेडिओत घुसतोय," बुद्धभूषण म्हणाला. "काय सांगितलं टॉवरनं, मोनाली?"

"झिरो सेवन झिरो." तिनं तेच रेडिओवर परत म्हटलं. पलीकडून काहीतरी आलं, पण घरघरीत बुडालं. तिनं दिवा बंद केला. घरघर थांबली. टॉवरचा आवाज स्वच्छ आला: "नेगेटिव्ह. विंड टू सेवन झिरो."

वारा पश्चिमेचा होता. तिनं तो पूर्वेकडचा ऐकला होता.

तसं उतरली असती, तर वारा पाठीमागून आला असता. मोनालीनं हेडसेट काढून सीटवर ठेवला आणि चालत गेटकडं गेली. काकासाहेब पुटपुटले, "पण उजेड लई होता."

एकतीस तारीख आली आणि गेली. बुद्धभूषणला त्या रात्री जेवण गेलं नाही. सही केली नाही याचं त्याला वाईट वाटत नव्हतं. एका दिव्यापायी पोरीचं वर्ष जावं, याची चीड येत होती, आणि ती काढायला समोर कोणीच नव्हतं.

आणखी दोघा विद्यार्थ्यांची रात्रीची उड्डाणं अडली, तेव्हा काकासाहेबांनी मुकाट्यानं मंजूर दिवा मागवला. नऊ एप्रिलला तो आला. बुद्धभूषणनं बसवला, रेडिओ तपासला, सही केली. सगळं मिळून तासाभराचं काम.

संध्याकाळी तो फकिराचा दिवा परत करायला क्रांती चौकात गेला. फकिरानं हात जोडले. "कागद करून दिलेला माल परत घेत नाय, साहेब."

शेजारच्या झेरॉक्सच्या दुकानात मोनाली उभी होती. हातात मार्कशीट, फोटो, परीक्षेचा फॉर्म. तिनं त्याला पाहिलं, पण आधी प्रती मोजून घेतल्या.

"आला म्हणे दिवा."

"आला."

"रेडिओ?"

"साफ आहे."

तिनं कागदांना पिन मारली. "पहिला पेपर हवामानाचा आहे, सर. वाऱ्याच्या दिशा नीट पाठ करते या वेळी."

बुद्धभूषणला हसू आलं नाही. त्यानं दिव्याचं खोकं या काखेतून त्या काखेत घेतलं.