मामांचं वालेन्सियन

आमच्या मामेसासऱ्यांइतका परक्या भाषांवर जीव टाकणारा माणूस अख्ख्या बंगळुरात शोधून सापडायचा नाही. सरकारी कारखान्यात इंजिनियर म्हणून हयात गेली, बिऱ्हाड मल्लेश्वरमात. रिक्षावाल्याशी कन्नड, इस्त्रीवाल्याशी तमिळ, आणि आता चौऱ्याहत्तराव्या वर्षी वालेन्सियन! लेक स्पेनमध्ये वालेन्सियाला दिलेली. पाच वर्षांची नात तिथल्या आजीजवळ वाढते, तिला तिचीच वालेन्सियन येते, मराठीचा गंध नाही. "अहो मामा, तिथे स्पॅनिशवर भागतं," मी म्हणालो. "इथे हिंदीवरही भागतं, जावईबापू. तुम्ही व्हाइटफील्डचे आयटीवाले भागवताच की!"

प्रवाशांच्या उपयोगाची वाक्यं त्यांनी वहीत उतरवली आणि येताजाता घोकली. एकदा फुलवालीला भर दुपारी 'बोना वेस्प्रादा', म्हणजे शुभ दुपार, ऐकवलं. ती शांतपणे "सरी, अण्णा", म्हणजे बरं दादा, म्हणाली आणि गजरा बांधायला लागली. 'कृपया'साठीचं 'पेर फावोर' तर इतकं आवडलं की शिट्टी न देणाऱ्या कुकरलाही तेच विनवायचे. निरोपाच्या 'आदेउ'वर मात्र लाल काट मारली. "निघताना 'जातो' कसलं म्हणायचं? अभद्र! आपल्यात 'येतो' म्हणतात." मग लेकीला विचारून 'येतो'साठी 'व्हिंक' हा शब्द मिळवला. वही संपली तरी वालेन्सियाला जायचा विषय काढला की यांचं ठरलेलं, "स्वल्प थांबा, भाषा पक्की होऊ दे."

मागच्या महिन्यात एका रविवारी मी मामांकडे गेलो असताना त्यांच्या नातीशी व्हिडिओवर गप्पा झाल्या. ती त्यांना 'यायो' म्हणते, म्हणजे आजोबा. मामांनी पहिल्यांदाच झोकात 'व्हिंक' म्हणून फोन ठेवला. तासाभरात लेकीचा फोन, मामांनी स्पीकरवर घेतला. "बाबा, काय सांगितलंत तिला? बूट घालून दाराशी बसलीये. यायो येतोय म्हणते, खायलाही उठत नाही."

मला हसू फुटलं. मामा हसले नाहीत. "तिला आत घे गं," एवढंच कसंबसं म्हणाले. मग माझ्याकडे न बघता, "भाषा येते हो मला, जावईबापू. विमानाची भीती वाटते."

इतके दिवस यांची थट्टा केली, याची मला लाज वाटली. म्हटलं, "मामा, मी येतो ना बरोबर."

त्याच आठवड्यात रजा टाकून त्यांच्यासोबत व्हिसाच्या रांगेत उभा राहिलो. मामांनी तासभर माझा हात सोडला नाही.