चूलबंद आवतन

मावशी दार कोपरानं ढकलायची. माझ्या दुकानाचं काचेचं दार असो की शेजारणीच्या घराचं पत्र्याचं, तिचा पंजा कशालाही लागायचा नाही. गल्लीतलं एखादं पोर धावत तिच्याकडे आलं की ती दोन्ही हात पाठीमागं न्यायची आणि म्हणायची, "हात नोको लावू गा, तिखट आहो मी." पोर हिरमुसायचं. मग ती खाली वाकून त्याच्या डोक्यावर हनुवटी टेकवायची. तिची लाड करायची रीत ती.

ती सातऱ्यावर कामाला होती. तुम्ही आमच्या भागातले नसाल तर सांगतो. वाळलेल्या लाल मिरचीचे ढीग मोकळ्यावर पसरतात आणि बाया रांगेनं बसून एकेका मिरचीचं देठ खुडतात, त्या जागेला सातरा म्हणतात. तिथून माणूस घरी येतो, पण तिखट हातातून जात नाही. मावशीनं तेल लावून पाहिलं, दही लावून पाहिलं, कोणी सांगितलं म्हणून राखही चोळली. घरातली कणीक तिचा नवरा मळायचा. तो जुना विणकर. माग गेल्यावर कुठंतरी चौकीदारी करायचा. "त्याच्या हाताची पोळी नकाशावानी हाय," ती म्हणायची, "पन खाऊन डोळे तं झोंबत नाईत."

माझं लकडगंजच्या मागच्या अंगाला बिछायत केंद्र आहे. मंडप, सतरंज्या, भोंगे, जेवणावळीची भांडी. बारशापासून तेरवीपर्यंतचं सगळं सामान माझ्याकडून भाड्यानं जातं. फक्त नवरदेव आणि मुडदा तेवढा ज्याचा त्यानं आणायचा. या धंद्यात माणूस लवकर कळतो. कोण गंज, म्हणजे जेवणावळीचं मोठं पातेलं, घासून परत करतो आणि कोण खरकटा आणून आपटतो, तेवढ्यावरून मी त्याच्या घरची अर्धी गोष्ट सांगू शकतो. मावशीचा गंज नेहमी आरशासारखा यायचा, आणि तो दुसरीनंच घासलेला असायचा.

ती बाजाराच्या ज्या आवारात कामाला होती त्याचं नाव मी सांगत नाही. माझी भांडी अजून तिथं जातात.

त्या आवारातल्या हमालांना पितळेचा बिल्ला आहे. बिल्ला असलेला माणूस पडला-झडला तर दवाखाना मिळतो, थकला तर थोडीफार सोय होते. मुख्य म्हणजे तो तिथं कामाला आहे हे कोणी नाकारू शकत नाही. सातऱ्यावरच्या बायांना बिल्ला नव्हता. कधी कोणी मागितलाही नव्हता. मग एका दिवशी पोत्यांची थप्पी कोसळली. खाली एक हमाल सापडला आणि मावशीच्या शेजारी बसणारी, तिच्या जिवाची मैत्रीण सापडली. हमालाचा पाय मोडला, त्याला लगेच गाडीत घालून नेलं. मैत्रीण जागीच गेली. आवारवाल्यांनी सांगितलं, ही बाई आमच्याकडे कामाला नाही, बाजाराला आलेली कोणी गिऱ्हाईक असेल.

मावशीनं मला हे सांगितलं तेव्हा आवाज चढवला नाही. "इतके वर्सं ते माह्या बाजूले बसली. देठं खुडता खुडता आमी एकमेकीच्या पोरीईचे लगनं जमवले. आन् हे म्हनतात, गिऱ्हाईक असन कोनी. मंग मी कोन आहो गा, भाऊ? उद्या माह्यावर थप्पी पडली तं मीबी गिऱ्हाईकच काय?"

तेव्हापासून तिला एकच गोष्ट हवी होती. सातऱ्यावरच्या प्रत्येक बाईच्या दंडाला बिल्ला.

नुसत्या बाया उठल्या तर मालकाला फरक पडणार नव्हता. मिरची चार दिवस देठासकट पडून राहिली असती, एवढंच. हमाल, माल तोलणारे तोलारी, टेम्पोवाले, हातगाडीवाले असे सगळे एकाच दिवशी बसले तरच आवार थांबणार होतं. हमालांचा पुढारी तयार होता. पोत्याचं वजन कमी करा, ही त्यांची जुनी मागणी होतीच. "दोन्ही मागण्या जोडून बंद करू, मावशी," तो म्हणाला, "पन बाकीच्याईले आनाचं काम तुमचं." त्याला वाटलं असेल, ही काय आणणार.

बंदाला लोकांना कसं बोलावतात हे मावशीला ठाऊक नव्हतं. लग्नाला कसं बोलावतात हे ठाऊक होतं. कामावरून आल्यावर ती लुगडं बदलायची आणि वस्तीत घरोघरी जायची. हात पाठीमागं धरून उंबऱ्यापाशी उभी राहायची आणि म्हणायची, "मंगळवारी बंद हाय. चूलबंद आवतन हाय तुमाले."

आमच्याकडे आवतनाचे प्रकार असतात. एका माणसाचं आवतन असलं की घरातून एकानं जायचं. चूलबंद म्हणजे सगळ्या घरानं. त्या दिवशी तुमच्या घरची चूल पेटवायची नाही, लेकराबाळांसकट जेवण बोलावणाऱ्याकडे. मावशीला एवढंच म्हणायचं होतं की कोणी घरी राहू नये, सगळ्यांनी यावं. तिच्या तोंडी त्यासाठी दुसरा शब्द नव्हता. जेवण घालावं लागेल हे तिच्या ध्यानात आलं तेव्हा अर्धी वस्ती बोलावून झाली होती.

ती कोपरानं दार ढकलून दुकानात आली.

"भाऊ, तुह्यापासचे सगळ्यात मोठे गंज पाह्यजेत."

"लगन कोनाचं, मावशी?"

"लगन नाई गा. बंद हाय."

"बंदाले गंज काहून लागते?"

"चूलबंद देऊन बसली न मी. जेवाले तं घालाच लागन."

"किती मानसं?"

ती म्हणाली, "सगळे."

मी हसलो. हमालांचा पुढारीही खूप हसला. पण तुम्ही एकदा विचार करा, बंद कुठं मोडतो. घोषणा संपल्या म्हणून मोडत नाही, संध्याकाळी चुलीपाशी मोडतो. आणि आमच्याकडे कोणी बंदाला नाही म्हणेल, आवतनाला नाही म्हणत नाही. ज्या टेम्पोवाल्यांनी जन्मात कधी गाडी उभी केली नव्हती ते मंगळवारी बायकापोरांसह आले. कोणी स्वतःचे गिलास आणले होते. बायांच्या अंगावर लग्नातली लुगडी होती. एक म्हातारे बुवा इस्त्रीची टोपी घालून आले आणि मंडपात बसल्यावर त्यांनी शेजाऱ्याला विचारलं, "नवरी कुठी हाय?" शेजाऱ्यानं मावशीकडे बोट दाखवलं.

धान्य कुठून आलं? आवारात पोत्यांतून सांडलेलं धान्य झाडून गोळा करणाऱ्या बाया असतात. त्यांनी आपापल्या घरची झाडणी आणली, चाळली, पाखडली, आणि वरण-भात शिजला. वांगी-आलूची भाजी झाली. मावशीला कोणी कशाला हात लावू दिला नाही. "तुह्या हातचं खाल्लं तं बंद आजच सुटन वं," बाया म्हणाल्या. स्वतःच्या घरच्या कार्यात ती परक्यासारखी लांब विटेवर बसून भात करपतोय म्हणून ओरडत होती.

आवार थांबलं. मी इतकी वर्षं तिथून जातो, तिथं शांतता असू शकते हे मला माहीत नव्हतं. ट्रक उभे राहतात त्या जागी कुत्री ऐसपैस झोपली होती. एक दिवस म्हणून सुरू झालेला बंद मालक बोलायला तयार होईनात म्हणून लांबला, आणि रोज संध्याकाळी पंगत उठत राहिली. मावशी रोज पंगतीतून फिरायची, हात पाठीमागं, आणि वाढणाऱ्याला म्हणायची, "त्याईले वाढ गा, लाजून राहिले ते." तिला मी तेवढं आनंदात कधी पाहिलं नव्हतं.

शेवटी बोलणी ठरली. आत फक्त बिल्लेवाल्यांना सोडलं. मावशी बायांना घेऊन फाटकाबाहेर बसली.

पुढारी बाहेर आला तो गुलाल लावूनच. पोत्याचं वजन कमी करायचं कबूल झालं होतं. हमालांनी त्याला खांद्यावर घेतलं. मावशी उठली आणि त्या गर्दीत गेली.

"आन् बायाईचं?"

"मावशी, ते म्हनतात पुढं पाहू. आधी आपलं तं होऊ द्या. मंग तुमचंच."

"आपलं म्हंजे कोनाचं गा?"

त्यानं खांद्यावरचा दुपट्टा नीट केला. ढोल वाजत होता, त्यामुळे ऐकू आलं नाही असंही म्हणता आलं असतं.

त्या संध्याकाळचा स्वयंपाक तयार होता. एक तरुण बाई तरातरा गेली आणि भाजीचा गंज पालथा करायला वाकली. मावशीनं तिला कोपरानं बाजूला सारलं. "अन्नावर नोको जाऊ वं," ती म्हणाली. "मी बोलावलं हाय त्याईले." आणि गुलाल लागलेली ती माणसं पंगतीला बसली. पोटभर जेवली. मावशी पंगतीतून फिरली, पण कोणाला वाढ म्हणाली नाही. मला त्या पंगतीचा राग आला. तो अजून गेलेला नाही. भांडी माझी होती म्हणून मी थांबलो, नाहीतर निघून गेलो असतो.

दुसऱ्या दिवशी हमाल कामावर गेले. बाया फाटकाशी बसून राहिल्या. हमाल पोतं डोक्यावर असं घेतात की त्यात चेहरा झाकला जातो. त्या दिवशी रिकामे हात असलेलेही मान खाली घालून गेले. चार घरी चूल पेटेना, तशा बायाही एकेक करून परत गेल्या. मालकानं सगळ्यांना घेतलं. मावशीला म्हणाला, तुझी जागा भरली.

तुम्हाला वाटेल ती आता गप्प बसली असेल. ती पुन्हा घरोघरी जायला लागली. तोपर्यंत तिला खोकला धरला होता, दर दोन उंबऱ्यांनी थांबावं लागायचं. सगळ्यात आधी ती हमालांच्या घरी जायची. त्यांच्या बायका दारातच सांगत, "ते घरी नाईत." आत खाट वाजलेली तिलाही ऐकू यायची. एका घरी तिला चहा दिला, पाट दिला, तब्येत विचारली, आणि बंदाचं नाव काढताच घरातलं सगळं माणूस कामाला लागलं. ती चहा पिऊन, कप कोपऱ्यात ठेवून आली.

मी तिच्यावर चिडलो. "मावशी, ज्याईनं तोंड फिरवलं त्याईच्याच दारात काहून जाता?"

"मंग कोनाच्या जाऊ? एकट्यानं उपास व्हते गा, भाऊ. बंद नाई व्हत."

मधूनमधून ती दुकानात यायची. "गंज मोकळे हायत काय?"

"कवा पाह्यजेत?"

"सांगीन न. ठेवजो फक्त."

मी ठेवतो म्हणायचो. ऐन लग्नसराईतही म्हणायचो. तिला नाही म्हणायची माझी छाती नव्हती.

एका हिवाळ्यात ती गेली. पहाटे खोकता खोकता थांबली, नवरा म्हणाला, मला वाटलं झोप लागली.

आणि त्या दिवशी आवार बंद राहिलं. हमाल बसले, तोलारी बसले, टेम्पोवाल्यांनी गाड्या उभ्या केल्या. कोणी सांगायला गेलं नव्हतं. ज्या एका दिवसासाठी ती बाई छाती फुटेस्तोवर हिंडली तो दिवस तिला मेल्यावर फुकट मिळाला, आणि तोही अर्धाच. दुपारी फाटकापुढं शोकसभा झाली. सतरंज्या माझ्या, भोंगा माझा. पुढाऱ्यानं भाषण केलं. मावशी आमची माय होती, म्हणाला. बोलता बोलता तो खरंच रडला; खोटं कशाला बोलू. बिल्ल्याचं नाव त्यानं काढलं नाही. दोन मिनिटं सगळे उभे राहिले, मग फाटक उघडलं आणि पहिल्या ट्रकनं हॉर्न दिला.

पुढं काय झालं ते आधीच सांगून टाकतो, म्हणजे तुम्ही भलती आशा धरणार नाही. काही झालं नाही. बायांना बिल्ला आजही नाही. ऊन कलल्यावर त्या उठल्या आणि दुसऱ्या सकाळी सातऱ्यावर गेल्या.

पण त्या दुपारी सभा संपली तेव्हा बाया उठल्या नव्हत्या. पुरुष चपला शोधत होते, मी सतरंज्या गोळा करायला आलो होतो, आणि त्या रांगेनं तशाच बसल्या होत्या. पुढारी जवळ आला.

"बाई, कार्यक्रम संपला."

"तुमचा संपला असन," एकजण म्हणाली. गंज पालथा करायला निघालेली तीच ती.

तो फाटकातून आत गेला. हमाल त्याच्या मागं गेले. एक म्हातारा हमाल, पाय ओढत चालणारा, थप्पीखाली सापडलेला, तेवढा परत फिरला आणि सतरंजीच्या कडेला, बायांपासून जरा लांब, टेकला. त्यानं कोणाकडे पाहिलं नाही.

मी सतरंजीचं टोक धरून उभा होतो. ओढावी कशी? रांगेत मध्येच एक जागा रिकामी होती, दोघींनी दोन्ही बाजूंनी सोडलेली. त्यांच्या ते लक्षातही नसेल. त्या तरुण बाईनं माझ्याकडे पाहिलं.

"दुकानात कोन हाय, भाऊ?"

"कोनी नाई," मी म्हटलं, आणि टोक खाली ठेवून कडेला बसलो.